सुईणबाईंना मरू द्यावे

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, व्यवसाय पूर्वी जुन्या कागदपत्रांच्या सरकारी कचेरीत नोकरी व सध्या ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणे, कोणाच्याही दबावाखाली न येता, कसल्याही नशेत नसताना आणि पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. 'कोणाच्याही दबावाखाली न येता' हे शब्द वकीलसाहेबांनी घालायला लावले. मी म्हटले, "बाकी सगळं खरं आहे, तेवढं एक गाळता येईल का?" ते म्हणाले, "ताई, ते गाळलं तर बाकीच्याला काही अर्थच राहत नाही." म्हणून ठेवले आहे. आमच्या घरात माझ्यावर कधी कोणाचा आवाज चढलेला नाही, हेही नमूद करते. सगळी माणसे फार चांगली आहेत. अडचण तीच आहे.

यापूर्वी मी स्वतःचे मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची केली आहेत, पण ती माणसे पुस्तकांतली होती आणि त्यांतली बरीचशी सहीची शाई वाळायच्या आत मेली.

कलम १. घर. राहते घर माझ्या आणि ह्यांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा ह्यांना मिळावा आणि ह्यांच्यानंतर मुलाला. त्याला घर म्हणायचे ते कागदोपत्री. पुढच्या खोलीतून माझ्या पुस्तकांची पार्सले जातात. मधल्या खोलीत मुलाचे जाहिरातीचे टेबल आहे. स्वयंपाकघरात वजनकाटा आहे, आणि पीठ व पुस्तके दोन्ही त्याच्यावरच तोलली जातात. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे आणि चिकटपट्ट्यांची रिळे असल्यामुळे आम्ही चौघे ताट मांडीवर घेऊन जेवतो. पाहुणे येणे कधी बंद झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

कलम २. माझी खोली आणि तिच्यातली खोकी. माझ्या खोलीला उत्तरेकडे खिडकी आहे. ती माझ्या रहस्यमालिकेच्या चौथ्या भागाच्या खोक्यांमागे आहे. चौथ्या भागाची हकिगत अशी, की मुखपृष्ठावर मालिकेची नायिका सुईणबाई हातात कंदील धरून कोटाच्या दरवाजात उभ्या आहेत. काळ राजेराजवाड्यांचा. आणि हातात मनगटी घड्याळ. फोटोसाठी आमच्या सूनबाईच उभ्या राहिल्या होत्या. चेहऱ्याला सुरकुत्या काढल्या, केसांना पांढरा रंग लावला, जुने कपडे चढवले, आणि घड्याळ काढायचे राहिले. मजकूर ह्यांनी अक्षर न् अक्षर तपासला होता. "मुखपृष्ठ कोणी बघितलं?" असे विचारल्यावर ह्यांनी सांगितले, "माझं काम अक्षरं बघायचं." छापखानेवाल्यांनी जास्त प्रतींना भाव कमी लावला म्हणून भरमसाट प्रती छापून झाल्या होत्या. नवे मुखपृष्ठ करून पुन्हा छापल्या. जुन्या रद्दीत द्यायला मुलगा तयार होईना. "आई, पुढेमागे दुर्मीळ आवृत्ती म्हणून विकता येतील," तो म्हणाला. त्या अजून दुर्मीळ व्हायच्या आहेत. मी गेल्यावर सर्वांत आधी ती खोकी बाहेर काढावीत आणि खिडकी उघडावी. मला त्याचा उपयोग नसेल, तरी उघडावी.

कलम ३. बँकेतली माझी बचत आणि निवृत्तिवेतनाची शिल्लक ह्यांना. त्यातून एक खर्च आधी करायचा आहे, तो कलम ८ मध्ये सांगितला आहे.

कलम ४. बांगड्या. माझ्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईला. बांगड्यांबरोबर परवानगीही देते, की तिने केस हवे तितके आखूड कापावेत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला कापायचे आहेत. पण सुईणबाईंचा अंबाडा तिच्याच केसांचा आहे, म्हणून प्रत्येक भागाच्या वेळी "हे एवढं मुखपृष्ठ होऊ दे" असे होत गेले. चौदा मुखपृष्ठे झाली. बाजारात लोक तिला सुईणबाई म्हणून हाक मारतात आणि ती हसून मान डोलावते. तिचे वय चौतीस आहे. तिने माझ्यासमोर कधी कुरकुर केली नाही. मी तरी कोणासमोर केली आहे?

कलम ५. बोरू, दौत, कंदील. या वस्तू मुलाने आणल्या. मी संगणकावर लिहिते, पण मुलगा जाहिरातीसाठी काढतो त्या चित्रफितीत मी बोरूने लिहिताना दिसते. दर आठवड्याला एक चित्रफीत जाते. 'लेखिका विचारात', 'लेखिका पहिला शब्द लिहिताना', 'लेखिका फिरायला निघाल्या'. फिरायला म्हणून मी जिन्यापर्यंत जाते आणि चित्रीकरण संपले की परत येते. या वस्तू कोणालाही देऊ नयेत. फेकाव्यात.

कलम ६. वन्संबद्दल. माझ्या थोरल्या नणंदबाईंबद्दल इथे स्पष्ट लिहून ठेवणे भाग आहे, कारण त्यांनी तीन वर्षे माझ्याशी बोलणे टाकले आहे आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

आठव्या भागात हवेलीतल्या म्हाताऱ्या सरदाराला विषप्रयोग होतो. हवेलीत एक आत्याबाई आहेत. फटकळ, नाकासमोर चालणाऱ्या, घरातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारून हैराण करणाऱ्या. त्या मी वन्संवरून घेतल्या हे मी कबूल करते. प्रेमाने घेतल्या होत्या. त्या वर्षी मुलाने नवीन टूम काढली. पुस्तकाची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना शेवटचे प्रकरण सोडून बाकी सगळे आधी वाचायला द्यायचे आणि खुनी कोण असावा यावर मत घ्यायचे. ज्याला जास्त मते, तो खुनी. मी म्हटले, "अरे, खून मतदानाने ठरतो का?" तो म्हणाला, "आई, एकदाच करून बघू. वाचकाला वाटलं पाहिजे की हे आपलं पुस्तक आहे." वाचकांना आत्याबाई मुळीच आवडत नव्हत्या. प्रचंड बहुमताने त्या खुनी ठरल्या. शेवटचे प्रकरण मी एका आठवड्यात फिरवले. त्याआधीची सगळी प्रकरणे मात्र ओरडून सांगत होती की विष वैद्याने दिले.

वन्संनी पुस्तक वाचले आणि ह्यांना फोन केला. "तुझ्या बायकोला सांग, मला फाशी द्यायची होती तर समोर येऊन द्यायची," असे म्हणून ठेवला. तेव्हापासून बोलणे बंद.

तरी या कलमान्वये मी जाहीर करते की आठव्या भागातल्या आत्याबाई निर्दोष आहेत. सरदाराला वैद्यानेच मारले. पुढच्या कोणत्याही आवृत्तीत माझे मूळ शेवटचे प्रकरण छापावे. ते संगणकात 'आठ, खरे' या नावाने आहे.

कलम ७. मालिका. 'सुईणबाईंचे शोध' या मालिकेचे आजवर चौदा भाग झाले. ती कशी सुरू झाली ते सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

निवृत्त झाल्यावर मी एक पुस्तक लिहिले. एकच. कचेरीत आयुष्यभर जुने करारमदार, जबान्या आणि तक्रारअर्ज चाळले होते. एका जबानीत एका सुईणीचा उल्लेख सापडला. ती गावातल्या प्रत्येक घरात जाऊ शकत होती, वाड्यात आणि झोपडीत सारखीच, आणि तिला कोणी 'इथे काय करतेस' म्हणून विचारत नव्हते. मला तिचा हेवा वाटला. मी तिला साठ वर्षांची केली, कारण मीही नुकती साठीला आले होते, आणि एका खुनाचा छडा तिच्याकडून लावून घेतला. तीन प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. एकाने कळवले की यात रहस्याच्या मानाने इतिहास फार आहे आणि इतिहासाच्या मानाने प्रेते फार आहेत.

मुलगा तेव्हा विमा कचेरीत होता. तो म्हणाला, "आई, कशाला कोणाच्या दारात उभं राहायचं? आपणच छापू." ते दिवस खरोखर चांगले होते. पहिली खेप घरी आली तेव्हा आम्ही चौघे खोक्याभोवती जमिनीवर बसलो होतो आणि ह्यांनी पहिली प्रत नाकाला लावून वास घेतला. मुलाचे डोळे भरून आले होते. माझेही. हे मी विसरलेले नाही आणि त्याने कधी विसरू नये.

मग दुसरा भाग झाला. तिसऱ्यानंतर मुलाने नोकरी सोडली. मला सांगितले ते राजीनामा देऊन आल्यावर, पेढा पुढे करावा तसा चेहरा करून. "आता पूर्ण वेळ तुझ्यासाठी!" मला हसावे लागले. वर्षाला दोन भाग, कारण वाचक विसरतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक दार किलकिले, कारण वाचक झोपतो. दर महिन्याला सुईणबाईंच्या नावाने वाचकांना पत्र. ते मी लिहिते आणि लोक त्याला खरी उत्तरे पाठवतात. सासूशी पटत नाही, मूल होत नाही, भाऊ बोलत नाही. मी सुईणबाई होऊन सगळ्यांना सल्ला देते. माझ्या नणंदेशी काय करावे, याचा सल्ला मात्र मला त्यांच्याकडून कधी मिळाला नाही.

आणि सुईणबाईंचे वय. मी पहिल्या पुस्तकात साठ लिहून बसले. पुढे मुलाच्या लक्षात आले की दर भागात वर्ष पुढे सरकले तर वीस भागांपर्यंत ही बाई ऐंशीच्या घरात जाईल. "वय लिहूच नकोस," तो म्हणाला. तेव्हापासून राजे बदलले, दोन लढाया झाल्या, कोट पडून पुन्हा बांधला, आणि सुईणबाई साठच्याच आहेत. तिला दम लागू द्यायचा नाही. तिचे गुडघे दुखू द्यायचे नाहीत. माझे दुखतात. पावसाळी हवेत जिना चढताना मी तिला शिव्या घालते.

मागच्या वाढदिवशी मुलाने मला जवळ बसवले आणि म्हणाला, "आई, तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्यानंतरही सुईणबाई थांबणार नाहीत. लिहिणारी माणसं मी बघून ठेवलीत. तुझी शैली अगदी पकडतात." त्याने नमुन्याची दोन पाने पुढे केली. ती वाईट नव्हती, म्हणूनच मी ती दोनदा वाचली. त्याला वाटले मला आनंदाने बोलवत नाही. त्याने माझा हात हातात घेतला. तेव्हा ठरवले की ज्याचे मुखपृष्ठ, शेवट आणि तारीख घरात कोणी ठरवू शकणार नाही असा एक तरी कागद आपण लिहायचा.

तो हा. पण इथपर्यंत येणेही सोपे नव्हते. मी एकटी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे वकिलांकडे जायला कारण हवे होते. मी सांगितले, "पुढच्या भागात एक मृत्युपत्र आहे. जरा माहिती घेऊन येते." मुलाचा चेहरा खुलला. संध्याकाळपर्यंत 'सुईणबाई आणि मृत्युपत्राचे गूढ' या पंधराव्या भागाची घोषणा झाली होती, मुखपृष्ठासाठी सूनबाईने अंबाडा घातला होता आणि आगाऊ नोंदणी सुरू होती. म्हणजे सुटायला म्हणून जी थाप मारली, तिचेच आता पुस्तक लिहायचे आहे. दोन प्रकरणे झाली.

कलम ८. पेटी. सहाव्या भागाच्या वेळी मुलाने वीस भागांच्या संचासाठी लाकडी पेटी काढली. आत वीस खण. पेटी आधी, पुस्तके जसजशी येतील तशी. लोकांनी ती वीसही भागांचे पैसे आगाऊ भरून उत्साहाने घेतली आणि आता पेटीचे फोटो पाठवतात. चौदा खण भरलेले, सहा रिकामे. खाली लिहितात, 'वाट बघतोय!' ते सहा खण मला डोळे मिटले तरी दिसतात. ज्या पेटीधारकांना उरलेल्या भागांची आगाऊ रक्कम परत हवी असेल त्यांना ती माझ्या बचतीतून द्यावी. बाकीच्यांनी रिकाम्या खणांत चष्मा, औषधे, पत्ते, काय हवे ते ठेवावे. माझी पुस्तके पंधराहून जास्त नसतील. हे कलम लिहिताना माझी प्रकृती ठणठणीत आहे, म्हणून 'नसतील' हा शब्द मी आशेने लिहीत आहे, खात्रीने नाही.

कलम ९. सुईणबाईंचा मृत्यू. चौदा (आणि झालाच तर पंधराव्या) भागांचे लेखनहक्क मुलाला. तो ते विकू शकतो, छापू शकतो, त्यांची नाटके करू शकतो. परंतु सुईणबाई या पात्राला घेऊन नवे काहीही कोणीही लिहू नये, लिहवून घेऊ नये. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, काल्पनिक व्यक्तीचं मृत्युपत्रात आपल्याला काही करता येत नाही. आणि वारसावर अशी अट टिकेलच असं नाही."

"मोडणारा मोडेल," मी म्हटले. "पण लिहिलेलं तर राहील?"

"लिहिलेलं राहील."

मग लिहा म्हटले. त्या बाईचा शेवट मी इथेच करते आहे, तारीख आणि साक्षीदारांसह, म्हणजे नंतर कोणी 'ती वाचली होती' म्हणायला नको.

सुईणबाई त्या पहाटे कोटाबाहेरच्या एका घरी गेल्या होत्या. बाळंतपण अवघड होते, पण पार पडले. मुलगी झाली. ती रडल्यावर त्यांनी तिला आईजवळ दिले, हात धुतले आणि जरा बसते म्हणून बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. घरातल्यांना वाटले, दमल्या असतील. त्या दमल्याच होत्या. त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. उन्हे ओट्यावर आल्यावर त्या घरातली थोरली सून दूध घेऊन आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दार उघडेच होते, त्यात काही रहस्य नव्हते. त्यांचा मृत्यू नैसर्गिक आहे. कोणावरही संशय नाही. याची चौकशी कोणी करू नये.

हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ रडले. दुःखाने नाही. मला वाटले, कोणीतरी घरी गेले.

कलम १०. ह्यांच्याबद्दल. हे कलम आधी ठरलेले नव्हते. वरची पाने मी संगणकावरून छापायला दिली आणि यंत्र पुढच्या खोलीत असल्यामुळे ती पत्त्यांच्या चिठ्ठ्यांबरोबर बाहेर पडली. ह्यांनी ती उचलली. ह्यांना वाटले पंधराव्या भागाचे तिसरे प्रकरण. सवयीप्रमाणे लाल पेन घेऊन बसले.

दुपारच्या चहाला पाने घेऊन आत आले. कलम एकपासून पाचपर्यंत बारीक दुरुस्त्या होत्या. "चांगलं चाललंय," म्हणाले, "पण ही बाई जरा फार कुरकुरते गं. वाचकाला तिची दया यायला हवी असेल तर नवरा थोडा वाईट दाखव. हा फारच गरीब आहे."

"पुढचं वाचलंत?"

"नाही अजून. सहावं राहिलंय."

"मग वाचा."

ते खोक्यावर बसून वाचायला लागले. कलम सहाला त्यांनी चष्मा काढून पुसला. कलम सातमध्ये लाल पेन खिशाला अडकवले. नऊपर्यंत आल्यावर पाने मांडीवर ठेवून ते खोक्यांकडे, म्हणजे जिथे खिडकी आहे तिकडे, बघत बसले.

"हे पुस्तकातलं नाही ना?"

"नाही."

"तुला हे सगळं नको होतं?"

"पहिली दोन पुस्तकं हवी होती."

त्यांनी पानांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला आवडतं. तू खूश आहेस म्हणून मी... अगं, त्या चिकटपट्टीचा आवाज मला सहन होत नाही. टर्र झालं की दात शिवशिवतात. कंबर तर पार गेली. निवृत्त झाल्यावर मला पोहायला शिकायचं होतं."

"पोहायला? तुम्हाला?"

"का, बुडलो असतो?"

आम्ही दोघे हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग तोंडावर हात दाबून, कारण मधल्या खोलीत मुलगा कोणाशी तरी फोनवर पंधराव्या भागाबद्दल बोलत होता. हसणे थांबल्यावर हे हळूच म्हणाले, "मग तो कोणासाठी करतोय?"

त्याने नोकरी सोडली, मित्र सोडले, सूनबाई आणि तो आठ वर्षांत कुठे गेले नाहीत. 'मला आवडतं म्हणून' असे तो म्हणाला तर ठीकच. पण 'तुमच्यासाठी' म्हणाला तर? तर या घरात इतकी वर्षे चार माणसे एकमेकांसाठी नको ते करत बसली होती, आणि ते त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? तेवढ्यात दारावर कुरिअरवाला आला. हे उठले, "आलो, आलो," म्हणाले आणि पार्सले द्यायला गेले. त्यानंतर त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही. आता एवढेच झाले आहे की चिकटपट्टीचा आवाज आला की मी आतून खोकते, आणि ते बाहेरून खोकतात.

माझे सगळे कपडे, पुस्तके, चष्मे आणि उरलेले दिवस ह्यांचे. त्यांनी पोहायला शिकावे.

कलम ११. अंमलबजावणी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी वन्संना नेमते. वकीलसाहेबांनी त्यांचे वय विचारले आणि भुवया वर केल्या. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आहेत, पण त्यांना जायची घाई दिसत नाही. दुसरे असे, की आमच्या घराण्यात सरळ प्रश्न विचारणारी ती एकच व्यक्ती आहे. बाकी आम्ही सगळे समजूतदार आहोत.

त्यांची संमती हवी म्हणून वकिलांच्याच कचेरीतून त्यांना फोन लावला. माझा आवाज ओळखून त्यांनी आधी मागे चाललेला रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "वैद्यच होता ना?"

"हो, वन्सं."

"मला चौथ्या प्रकरणातच कळलं होतं. उगाच शेवटाला माझ्या गळ्यात मारलंस."

"मतं पडली, वन्सं. मी नाही मारलं."

"मतं! घरात तुम्ही चौघं, आणि एकालाही नाही म्हणता आलं नाही?"

मी त्यांना सगळे सांगितले. सुईणबाई गेल्याचेही सांगितले. "बरं झालं, दमली होती बिचारी," त्या म्हणाल्या. मग मुलाला काय विचारायचे ते सांगितले. त्या म्हणाल्या, "विचारीन की. मला काय धाड भरलीय? पण तू आहेस ना अजून? तूच का नाही विचारत?"

मी वकिलांच्या टेबलावरच्या टाचण्या एका ओळीत लावायला लागले.

"अगं, घाबरतेस का पोटच्या पोराला?"

"त्याला नाही, वन्सं. तो काय सांगेल त्याला."

मग एवढेच म्हणाल्या, "बरं. मी बघते."

तरी माझ्या पश्चात, हे मृत्युपत्र कोणालाही वाचून दाखवण्याआधी, वन्संनी माझ्या मुलाला एकट्याला समोर बसवून विचारावे की, बाळा, हे सगळे तुला स्वतःला करायचे होते का? त्याने होय म्हटले, तर त्याने खुशाल करावे. नवी बाई शोधावी, नवा काळ शोधावा, स्वतःचे नाव घालावे, त्याला माझा आशीर्वाद आहे. त्याने नाही म्हटले, आईसाठी करत होतो म्हटले, तर वन्संनी पुढे काही वाचू नये. आधी त्याला जवळ घ्यावे. तो लहानपणी रडताना पाठीवरून हात फिरवला तरच थांबायचा, डोक्यावरून फिरवलेला चालत नसे. वाचायला नंतर पुष्कळ वेळ आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, आज राजीखुशीने सही करून देत आहे. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिले आहे. छापखानेवाले "ताई, मृत्युपत्र म्हणजे पंधराव्या भागाचंच ना?" असे विचारून सही करायला तयार झाले आणि मी त्यांना नाही म्हणाले नाही. मुलगा मला सोडायला आला आहे आणि खाली गाडीत थांबला आहे. 'लेखिका कायद्याचा अभ्यास करताना' याचे चित्रीकरण झाले आहे. आता तो जिन्यात येऊन विचारतो आहे, "आई, मिळालं का गं हवं होतं ते?"

"हो रे," मी म्हणाले. "आलेच."

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: छापखान्याचे मालक (सही)
साक्षीदार दुसऱ्या: वकिलांच्या शेजारच्या दंतवैद्य (सही)

ठिकाण: वकिलांची कचेरी, दुसरा मजला
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार